बाभळीतलं लोखंड

माझं शुद्धलेखन बरोबर नाही आणि अक्षरही वाईट आहे, त्याची आधीच माफी मागते. ही वही मी कुणाला दाखवणार नाही, पण पेटीत ठेवलेली वस्तू कधी ना कधी कुणाच्या तरी हाताला लागतेच. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती. ती रद्दीत घालणार होती, मी ठेवून घेतली. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. त्यानंतर कित्येक वर्षं सही सोडून मी काही लिहिलं नव्हतं. पुन्हा लिहायला लागले ते कागदावर नाही, लाकडावर, खडूनं. म्हणून माझी अक्षरं मोठी येतात आणि दोन ओळींच्या मध्ये मावत नाहीत.

मुरुम गावाच्या बाहेर रस्त्याला लागून एक लाकूड कापायची गिरणी आहे. आमच्याकडं तिला आरा मशीन म्हणतात. तिचे मालक वयानं मोठे आहेत, सगळे त्यांना अप्पा म्हणतात. आमच्या घरचे, म्हणजे मुलीचे वडील, तिथं मशीन चालवतात. लग्न होऊन मी आले तेव्हापासून ते तिथंच आहेत. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या शर्टातून, केसांतून, कानांतून लाकडाचा भुसा निघायचा, आणि आज काय कापलं ते मी भुशावरून ओळखायची. बाभळीचा भुसा तांबूस, वास तुरट. कडुलिंबाचा घशाला कडू लागतो. सागाचा सोनेरी आणि नव्या चपलेसारखा वास येणारा. चिंचेचं खोड मधे जांभळट निघतं, त्याचा भुसा बोटाला लागला तर लवकर जात नाही. "आज चिंच कापलीत," मी म्हणायची. ते म्हणायचे, "तू मशीनवर बसून बघायलीस काय?"

मुलगी हायस्कुलात गेली आणि घरात दिवसाचं काम उरलं नाही, तेव्हा मीही गिरणीत जायला लागले. काम सोपं होतं. मशीनखालचा भुसा पोत्यात भरायचा, साली आणि कडेचे तुकडे वेगळे रचायचे, फळ्या सावलीत एकावर एक लावायच्या. दोन फळ्यांमध्ये पट्टी घालायची, म्हणजे वारं खेळतं आणि फळी वाकडी होत नाही. माझ्याबरोबर एक मावशी होती, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी. ती दिवसभर बोलायची आणि मी दिवसभर ऐकायची. त्यामुळं आमचं चांगलं जमलं. अप्पा एकदा म्हणाले, "ह्या दोघींचं बोलणं मिळून एका माणसाएवढंच होतंय."

मी लाजाळू आहे. लहानपणापासूनच. बाहेरचा माणूस समोर आला की माझा आवाज गळ्यातच राहतो. दुकानात गेले तर दुकानदारानं विचारेपर्यंत उभी राहते. गिरणीत रोज गाड्या यायच्या, शेतकरी यायचे, सुतार यायचे. मी पदर पुढं ओढून भुशाकडं बघत काम करायची. पण खरं सांगायचं तर ते काम मला फार आवडायचं. मोठा ओंडका ट्रॉलीवर चढला, लोखंडी आकड्यांनी घट्ट धरला, ट्रॉली रुळावरून पुढं सरकली आणि पट्टा लाकडात शिरला की एकदम सूर बदलायचा. पट्टा म्हणजे करवतीचा लांबलचक दातेरी पत्रा, दोन चाकांवरून फिरणारा. आंब्यात तो गुणगुणल्यासारखा जायचा. बाभळीत ओरडायचा. ट्रॉली ढकलणारे दोघं सीमेपलीकडचे होते. थांबायचं असलं की ते "साकु, साकु" म्हणायचे, म्हणजे कानडीत पुरे. आम्हीही सगळे तेच म्हणायला लागलो. मावशी तर घरी सुनेनं जास्त भाजी वाढली तरी साकु म्हणायची. कापलेली पहिली फळी बाजूला पडायची आणि आतली नक्षी दिसायची, तेव्हा मला दरवेळी नवल वाटायचं. इतकी वर्षं झाड बांधावर उभं होतं आणि त्याचं पोट कुणीच बघितलं नव्हतं, पहिल्यांदा बघणारी मी.

आता ज्या दिवसासाठी लिहायला बसले तो दिवस लिहिते.

एका गावाहून ट्रॅक्टरनं बाभळीचे पाच ओंडके आले. ट्रकच्या तळाला फळ्या घालायच्या होत्या, त्यासाठी बाभूळ लागते, कारण ती चिवट. ओंडके उतरवून घेतले. त्यातल्या एकाच्या कापलेल्या तोंडावर मला निळा-काळा डाग दिसला. शाई सांडल्यासारखा, एका बाजूला, हाताच्या पंजाएवढा. तो डाग कशाचा हे मला माहीत होतं. माहेरी आई सरपणाला ओली बाभूळ आणायची आणि त्यावर गवत कापायचा इळा ठेवलेला दिसला की ओरडायची, कारण जिथं लोखंड टेकायचं तिथं लाकूड काळं पडायचं आणि इळाही. बाभळीचं आणि लोखंडाचं जमत नाही. म्हणजे या ओंडक्यात कुठंतरी लोखंड होतं. आमच्याकडं बांधावरच्या बाभळीला जनावर बांधायला लोक कडं ठोकतात, कुणी खिळा मारून त्यावर भाकरीचं फडकं टांगतो, कुणी तार गुंडाळतो. मग विसरतात. झाड वाढत जातं आणि ते लोखंड पोटात घेतं. वरून साल सारखी दिसते.

मला सांगायचं होतं. पण ट्रॅक्टरबरोबर पाच-सहा अनोळखी पुरुष आले होते. मशीनला टेकून तंबाखू मळत उभे होते, अप्पांशी भावाचं बोलत होते. घरचे त्यांच्या पलीकडं होते. मला त्या सगळ्यांच्या मधून जावं लागलं असतं, किंवा इथूनच मोठ्यानं बोलावं लागलं असतं. मनात म्हटलं, ते बघतीलच, त्यांना दिसेलच. त्यांच्या बाजूला ओंडक्याचं दुसरं तोंड होतं, तिकडं डाग नव्हता. मी भुसा भरत राहिले.

पट्टा अर्ध्यात गेला आणि असा आवाज झाला की मावशी पोतं टाकून बाहेर पळाली. पट्टा तुटून फटकन खाली आला. पुढं जाळी असल्यामुळं कुणाला लागलं नाही. घरच्यांनी मोटर बंद केली. लाकडात बैल बांधायचं अख्खं कडं होतं, वीतभर आत.

गिरणीची रीत अशी होती, की पट्टा झिजून तुटला तर अप्पांचा. लोखंडावर गेला तर अर्धे पैसे मशीन चालवणाऱ्याचे, कारण ओंडका तपासणं त्याचं काम. तो पट्टा नवा होता, चारच दिवसांचा. अर्धे म्हणजे साडेतीन हजार. अप्पांच्या आधी घरचेच म्हणाले, "अप्पा, माझं ध्यान न्हवतं. माझ्याकडं लावा."

"लावतो," अप्पा म्हणाले. "पण हातपाय शाबूत हायती, ते बघ आधी."

मी पोत्याचं तोंड बांधत होते. गाठ बसेना.

घरी गेल्यावर भाकरी थापताना मी त्यांना सांगितलं. मला डाग दिसला होता, मी बोलले नाही. ते चुलीपाशी बसले होते. रागावतील असं वाटलं. ते म्हणाले, "मला न्हाय दिसला. तुला कसा दिसला?"

मी आईचा इळा सांगितला.

"पंधरा वर्षं झाली मशीन चालवायलोय, मला ठावं न्हवतं," ते म्हणाले. मग हसायला लागले. "म्हंजे घरात मिस्त्री होता आणि म्या बाहेर पट्टे तोडत बसलो."

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, पैसे माझ्या रोजातून जाऊ द्या. हप्त्याला शंभर. तुमच्यातून नको. ते म्हणाले, घर एकच आहे, या खिशातून काय आणि त्या खिशातून काय. मी म्हटलं, नाही. हे माझ्या हातून फिटलं पाहिजे, आणि अप्पांना खरं काय ते मीच सांगेन. आत्ता नाही, पण सांगेन. ते म्हणाले, "बरं बाई." त्यांनी बाजारादिवशी, मजुरी मिळते तेव्हा, अप्पांना एवढंच सांगितलं की पैसे हिच्या रोजातून कापा. अप्पांना वाटलं नवरा-बायकोचा काहीतरी हिशेब असेल. त्यांनी वहीत लिहिलं आणि विषय संपला. त्यांच्या लेखी चूक घरच्यांचीच राहिली. ती गोष्ट मला टोचत होती.

दोन हप्त्यांनी पुन्हा बाभूळ आली. एका ओंडक्यावर पुन्हा डाग. लहान होता, रुपयाएवढा. पुन्हा बाहेरची माणसं उभी होती आणि पुन्हा माझा आवाज येईना. पण या वेळी गप्प राहायचं नाही हे ठरवलेलं होतं. नेहमी येणारा सुतार फळ्यांवर खुणा करायचा, त्याच्या खडूचा तुकडा खाली पडला होता. मी तो उचलला आणि सगळे चहाला वळले तेव्हा ओंडक्याच्या तोंडावर लिहिलं, लोखंड. आणि डागाकडं एक बाण काढला. चोरी केल्यासारखी मी पटकन भुशाच्या पोत्याकडं परतले.

घरच्यांनी ओंडका ट्रॉलीवर घ्यायच्या आधी वाचलं. माझ्याकडं बघितलं नाही, शहाणपणा केला. अप्पांना हाक मारली. अप्पा चष्मा लावून आले.

"ह्ये कुणी लिवलं?"

ट्रॉलीवाले एकमेकांकडं बघायला लागले. त्यांना तर मराठी लिहिताच येत नव्हतं.

"शेतकऱ्यानं लिवलं आसंल," सुतार म्हणाला.

"म्या कशाला लिवू," शेतकरी म्हणाला. "लोखंड हाय म्हणून सांगितलं तर तुमी भाव पाडताल."

अप्पांनी कुऱ्हाड आणायला सांगितली. बाणाच्या दिशेनं साल काढली, चार बोटं लाकूड काढलं आणि टोकाला वाकवलेला जाड खिळा निघाला. अप्पांनी तो हातात घेऊन फिरवून बघितला आणि खिशात टाकला. त्यानंतर दोनदा तसंच झालं. एकदा तार निघाली आणि एकदा बैलाच्या नालाचा तुकडा. गिरणीत कुणीतरी देवमाणूस येऊन लिहून जातो अशी चर्चा सुरू झाली. सुतार म्हणाला अक्षर बाईचं वाटतंय. ट्रॉलीवाला त्याच्या बोलीत काहीतरी म्हणाला आणि दोघं हसले.

शेवटी मावशीनं घोळ मिटवला. अप्पा चौथ्यांदा विचारत होते तेव्हा ती म्हणाली, "अप्पा, खामखा सगळ्यांस्नी काय इचारताय? हात बघा की. कुणाचा पांढरा हाय त्यो."

सगळ्यांनी आपापले हात बघितले. मी माझे पदराखाली घेतले. तेवढ्यावरूनच कळलं.

मला वाटलं आता जमिनीत जावं. पण अप्पा काही हसले नाहीत. आत गेले आणि गल्ल्याजवळच्या खणातून खडूची नवी पेटी घेऊन आले, पोरांच्या शाळेसाठी असते तसली. माझ्या समोर फळीवर ठेवली. "आता तोंड उघडायची गरज न्हाय," ते म्हणाले. "आधी ओंडका तुझ्यासमोर यील. तू लिवलंस की मग मशीनवर. न्हाय लिवलंस तर सरळ जाईल. रोज पन्नासनं वाढवला."

मावशी म्हणाली, "आन म्या सांगितलं त्याचं?"

"तुला गप्प बसायचे पन्नास देतो," अप्पा म्हणाले.

"मग राहू द्या," मावशी म्हणाली.

तेव्हापासून माझं काम बदललं. सकाळी गाडी आली की मी ओंडक्यांच्या मधून फिरायची. दोन्ही तोंडं ओल्या फडक्यानं पुसायची, कारण ओलं केलं की डाग चांगला दिसतो. डाग बघायचा, तो गाभ्याजवळ आहे की सालीजवळ ते बघायचं. गाभ्याजवळ असला तर लोखंड जुनं, झाड लहान असतानाचं. डाग लाकडाच्या रेषेनं लांब जातो, म्हणून लोखंड कुठं असेल याचा अंदाज करावा लागतो. मग सालीवर हात फिरवायचा. जिथं साल आत ओढल्यासारखी, बेंबीसारखी असते, तिथं लिहायचं. सागातही डाग येतो, पण फिका. लिंबात फसगत होते. मी दोनदा चुकले, म्हणजे लिहिलं आणि काही निघालं नाही. पण लिहिलं नाही आणि निघालं असं झालं नाही. निघालेलं लोखंड घरच्यांनी एका तारेत ओवून शेडच्या खांबाला टांगलं. खिळे, कडी, साखळीचे दुवे, सायकलची तार, एक मोठी सुई, एक चमचा. चमचा झाडात कसा गेला ते कुणालाच कळलं नाही. येणारी माणसं ती माळ बघायची आणि विचारायची. घरचे सांगायचे, "आमच्या मंडळींनी काढलंय." मी तेव्हा भुशाच्या ढिगामागं असायची, पण मला सगळं ऐकू यायचं.

आणि दर बाजारादिवशी शंभर रुपये कापले जायचे. अप्पा वहीत रेघ मारायचे. मी रेघा मोजायची.

थंडीत एक म्हातारे शेतकरी आले. बैलगाडीएवढ्या टेम्पोत एकच ओंडका, जुनी बाभूळ, त्यांच्या बांधावरची. वाऱ्यानं आडवी झाली होती. नवीन घर बांधलं होतं आणि नातींसाठी झोपाळा करायचा होता, त्याची रुंद फळी याच झाडाची पाहिजे होती. ओंडक्याच्या वरच्या टोकाला झाडाची बेचकी होती, तिथून दोन फांद्या फुटलेल्या. फळी बरोबर पाच फूट निघत होती, बेचकीसकट.

मी तोंड पुसलं. बेचकीच्या टोकाला डाग होता. लांबट, वाकडा, मधोमध. मी लिहिलं.

म्हाताऱ्यांनी वाचलं आणि म्हणाले, "काय लोखंड? ह्या झाडाखाली म्या लहानाचा मोठा झालो. एक खिळा मारू दिला न्हाय कुणाला."

अप्पा म्हणाले, "मामा, आमची बाई लिवते ते खरं असतंय. दीड फूट कापून टाकू, मग फळी काढू."

"म्हंजे साडेतीन फुटाचा झोपाळा? त्यावर काय मांजर बसवू?"

दोघं बोलत राहिले. म्हातारे ऐकेनात. आत काही नाही निघालं तर फळी वाया जाणार, आणि तशी फळी पुन्हा मिळणार नव्हती. झाड एकच होतं. शेवटी अप्पा माझ्याकडं वळले. आजूबाजूला टेम्पोवाला, सुतार, ट्रॉलीवाले, म्हाताऱ्यांचा मुलगा, सगळे उभे होते.

"पोरी," अप्पा म्हणाले, "खडूनं न्हाय, तोंडानं सांग. हाय का न्हाय?"

मला घरचे दिसत होते. ते मोटरच्या बटणाजवळ उभे होते. मला कड्याचा तो आवाज आठवला.

"हाय," मी म्हटलं.

माझा आवाज मला बराच मोठा वाटला. मावशीनं मान वळवून बघितलं.

अप्पांनी मग एक चांगली युक्ती केली. बेचकी कापली नाही. बाजूनं पाचरी ठोकून हळूहळू फोडली, म्हणजे काही नाही निघालं तर बाकीचं लाकूड शाबूत राहील. ट्रॉलीवाल्यांनी पाचरीवर घाव घातले. लाकूड करकर करत उघडलं. आत, बेचकीच्या मधोमध, काळ्याभोर लाकडात एक इळा होता. मूठ कुजून गेली होती, पातं गंजलेलं, पण वळण जसंच्या तसं. झाडानं तो जणू हातात धरून ठेवला होता.

म्हातारे खाली वाकले. हात लावला नाही. मग फळ्यांच्या ढिगावर बसले.

"ह्यो आमचाच इळा हाय," ते म्हणाले.

त्यांनी सांगितलं ते असं. ते दहा वर्षांचे असतील. शेळ्यांसाठी पाला काढायला त्या बाभळीवर चढले होते. खालून कुणीतरी विहिरीवर पोहायला चला म्हणून हाक मारली. इळा बेचकीत अडकवला आणि उडी टाकली. संध्याकाळी आईनं इळा विचारला तर यांना काही आठवेना. मार चुकवायला म्हणाले, शेजारच्या शेतातल्या बांधकऱ्याच्या पोरानं नेला. आईनं बांधावर जाऊन भांडण काढलं. त्या पोराला त्याच्या बापानं असा मारला की दोन दिवस तो शाळेला गेला नाही. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं होतं ते पाण्यापुरतं आणि लग्नपत्रिकेपुरतं. आई जाईपर्यंत म्हणत होती, आपला इळा त्यांच्या घरात आहे.

त्यांचा मुलगा म्हणाला, "आण्णा, तुम्ही तर आजपर्यंत आम्हाला तेच सांगत आलाव."

"मग काय सांगू? मलाबी तेच खरं वाटाय लागलं होतं."

त्यांनी मुलाचा फोन मागितला आणि तिथूनच मार खाल्लेल्या त्या शेजाऱ्याला लावायला सांगितला. फोनचा आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू येत होतं.

"आरं, इळा घावला."

"कुठला इळा?" पलीकडून आवाज आला.

"ज्याच्यापायी तुला मार बसला होता त्यो."

आम्हाला वाटलं फोन कटला.

"कुठं घावला?"

"बाभळीत. म्याच अडकवला होता."

"मग आता माझा मार परत कर," पलीकडचा म्हणाला, आणि एवढं हसला की फोन फाटल्यासारखा वाजायला लागला. इकडं म्हातारेही हसत होते आणि डोळेही पुसत होते. अप्पांनी सगळ्यांना चहा सांगितला. ट्रॉलीवाल्यांना गोष्ट नीट कळली नव्हती, मावशीनं हातवारे करून पुन्हा सगळी सांगितली, त्यात स्वतःची थोडी भर घातली.

फळी साडेतीन फुटाचीच निघाली, पण हातभर रुंद आणि मधून तांबडी, साखरेच्या पाकासारखी चकाकणारी. म्हातारे तिच्यावर हात फिरवत म्हणाले, "नाती दोनच हायती. पुरंल." जाताना माझ्याकडं बघून त्यांनी हात जोडले. मीही जोडले. इळा त्यांनी फडक्यात गुंडाळून नेला, तो तेवढा आमच्या माळेत आला नाही.

आठ दिवसांनी दोघं म्हातारे एकाच गाडीवर बसून आले. चालवत होता शेजारी, मागं झोपाळ्याची फळी नेलेले, मांडीवर ज्वारीच्या कणसांची पिशवी. "दोघांच्या रानातला हुरडा हाय," ते म्हणाले. सालींचा जाळ करून गिरणीच्या आवारात हुरडा भाजला. हातावर चोळून गरम गरम खाल्ला, वर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. मी इतका गोड हुरडा कधी खाल्ला नव्हता. दोघं म्हातारे विहिरीत कोण आधी उडी मारायचा यावरून भांडत होते.

त्या दिवशी बाजार होता. रोज वाटताना अप्पांनी वही उघडली. माझ्या नावाखाली आठ रेघा राहिल्या होत्या. अप्पा खुशीत होते.

"ह्ये आठशे सोडले," ते म्हणाले. "तू जे लोखंड काढलंस त्यात माझे चार पट्टे वाचले. आन चूक तर नवऱ्याची, तू कशाला भरतीस?"

आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही, हे मला कळलं. समोर मावशी होती, सुतार होता, ते दोघं म्हातारे होते. हातात हुरडा होता.

"अप्पा," मी म्हटलं, "चूक यांची न्हवती. त्या दिवशी मला डाग दिसला होता. म्या बोलले न्हाय."

अप्पांनी चष्मा काढला.

"दिसला होता?"

"व्हय. तोंडावर. पंजाएवढा."

"आन तू गप्प बसलीस."

"व्हय. लाज वाटली."

घरचे खाली बघत होते. मला वाटलं अप्पा आता काहीतरी मोठं बोलतील. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि वहीकडं बघितलं.

"म्हंजे ह्ये पैसे खरोखरचे तुझ्याकडंच हायती."

"व्हय."

"मग सोडत न्हाय," अप्पा म्हणाले, आणि माझ्या रोजातून शंभरची नोट बाजूला काढून रेघ मारली.

शेजारी म्हातारा आपल्या जोडीदाराला म्हणाला, "बघ. माणसं लगेच सांगतेत. पन्नास वर्षं लावत न्हाईत."

सगळ्यात आधी हसले ती मीच. माझं हसणं असं मोठ्यानं बाहेर पडलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

राहिलेले सात हप्ते मी रोजातून पैसे कापू दिले नाहीत. पूर्ण रोज हातात घ्यायची, त्यातली शंभरची नोट वेगळी करायची आणि अप्पांच्या पुढं स्वतः ठेवायची. मुलगी म्हणाली, आई, फोनवरून पाठव, एका मिनिटात जातात. मी म्हटलं, नको, मला ठेवताना दिसले पाहिजेत.

परवाच्या बाजाराला शेवटची नोट होती. रोजाच्या पैशांतून मी ती कोरी बघून वेगळी काढली होती. अप्पांनी वही माझ्याकडं फिरवली आणि पेन दिलं. "शेवटची रेघ तूच मार," ते म्हणाले. मी रेघ मारली, आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, पुरे फिटले. जागा जरा जास्त लागली. अप्पांनी नोट उजेडाला धरून बघितली, घडी घातली आणि गल्ल्यात टाकली.